सिद्धेश्वर एक्स्प्रेसने उतरणाऱ्या नव्या कंपनीवाल्यांना

सोलापूरकडच्या पोरापोरींचे फोन मला साधारण जूनपासून सुरू होतात. "ताई, मुंबईत काँट्रॅक्ट मिळालंय. क्लायंट म्हणतो कंपनीच्या नावानेच बिल द्या. प्रायव्हेट लिमिटेड काढतोय. आता सगळं खर्चात टाकता येईल ना?" त्यातलं 'सगळं' हे ठरलेलं. मी स्वतः २०११ साली सिद्धेश्वरने सीएसएमटीला उतरले, चार वर्षं नोकरी केली, मग सॉफ्टवेअर टेस्टिंगची छोटी कंपनी काढली. माझ्याही डोक्यात तेव्हा हेच 'सगळं' होतं. सीएने पहिल्या वर्षाच्या बिलांची पिशवी उलटी करून निम्मी बिलं परत माझ्या हातात दिली, तेव्हा ते उतरलं.

मुळात कंपनी लागते का, हे आधी बघा. स्वतःच्या पॅनवर काम करणाऱ्या आयटीवाल्याला वर्षाला ५० लाखांपर्यंत, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा नफा धरून कर भरता येतो. बिलं जपायची कटकट नाही, ऑडिट नाही. कंपनीला ही सोय नाही. कंपनीला उलाढाल शून्य असली तरी ऑडिट लागतंच. ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेत भरलं नाही तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा डायरेक्टर हवा म्हणून आईला केलंत, तर कंपनीचा व्यवसाय कर वर्षाला २,५००, तुमचा २,५०० आणि आईचाही २,५००. एकट्याची कंपनी हा पर्याय आहे, पण ऑडिट त्यालाही चुकत नाही. क्लायंटने कंपनीचा हट्ट धरला असेल किंवा काम खरंच वाढणार असेल, तर काढा. मित्राने काढली म्हणून काढू नका.

पत्त्याचं मात्र नीट ऐका, कारण मुंबईत सगळ्यांत जास्त माणसं इथेच अडकतात. आपण राहतो लीव्ह अँड लायसन्सवर, करार अकरा महिन्यांचा. घरमालकाचं ना-हरकत पत्र आणि ताजं लाइटबिल मिळालं तर भाड्याच्या घराचा पत्ता नोंदणीकृत कार्यालय म्हणून चालतो. पण अकरा महिन्यांनी भांडुपहून मुलुंडला गेलात की कंपनी रजिस्ट्रारकडे ३० दिवसांत पत्ताबदल, जीएसटीत १५ दिवसांत, शिवाय बँक. दरवेळी नव्या मालकाची मनधरणी वेगळीच. दारावर कंपनीच्या नावाची पाटी लावावी लागते, आणि नाव इंग्रजी अक्षरांत असेल तर स्थानिक भाषेतही. मराठीतली पाटी बघून आमच्या पहिल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने "इथे ऑफिस चालू देणार नाही" म्हणून दोन रविवार माझं डोकं खाल्लं होतं.

म्हणून काही जण सोलापूरच्या घराचाच पत्ता देतात. घर आपलं, पत्ता पक्का. जीएसटीचं राज्य एकच, त्यामुळे त्याच नंबरात मुंबईची जागा जोडता येते. पण सोलापूर पुण्याच्या रजिस्ट्रारकडे येतं. पुढे पत्ता मुंबईच्या रजिस्ट्रारकडे हलवायचा तर कंपनी खात्याच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते, साधा फॉर्म भरून भागत नाही. दुसरी अडचण घरची. माझ्या नावाचं एक रजिस्टर पाकीट बाबांनी "महत्त्वाचं दिसतंय" म्हणून आईच्या दागिन्यांच्या कप्प्यात ठेवलं होतं. दिवाळीला गेले तेव्हा हातात आलं, उत्तराची मुदत संपून महिना झाला होता.

आता खर्च. कामासाठी, निव्वळ कामासाठी केलेला खर्च चालतो, हा मूळ नियम. पण एकाच बिलाचे दोन वेगळे प्रश्न असतात: आयकरात वजावट मिळते का, आणि जीएसटीचं क्रेडिट मिळतं का, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो का. नवीन माणूस दोन्ही एकच समजतो. क्लायंटला अंधेरीत जेवायला नेलंत, कोणाबरोबर आणि कशासाठी ते बिलामागे लिहून ठेवलंत, तर आयकरात तो खर्च उभा राहतो. त्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मात्र नाही, खाण्यापिण्यावर ते बंदच आहे. मीटिंगला केलेल्या टॅक्सीचंही तेच.

लॅपटॉपचं उलटं. लॅमिंग्टन रोडला दुकानदार खालच्या आवाजात विचारतो, "बिल पाहिजे का?" नको म्हटलं की भाव उतरतो. तुम्ही हवं म्हणा, आणि कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर त्याच्या समोरच तपासून घ्या. ९०,००० च्या लॅपटॉपवरचा १६,२०० जीएसटी क्रेडिट म्हणून परत मिळतो. पण ते ९०,००० त्या वर्षी पूर्ण खर्चात जात नाहीत. संगणकावर घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते म्हणून वर्षाला धरायचा खर्च, ४० टक्के, म्हणजे ३६,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला, म्हणजे ऑक्टोबरचे पहिले तीन-चार दिवस उलटल्यावर घेतला, तर निम्माच, १८,०००. मार्चअखेर "कर वाचवायला" लॅपटॉप घेणाऱ्यांची मला गंमत वाटते.

एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेत तर तो खर्च कितीही खरा असला तरी धरला जात नाही. रोज एकाच ठिकाणी जाण्याचा लोकलचा पास माझा सीए खर्चात धरत नाही, मीही वाद घालत नाही. क्लायंटकडे घालायचे शर्ट, जिम, घरचा किराणा... विचारूच नका. बायकोला किंवा भावाला पगार देता येतो, पण त्याने खरंच काम केलेलं हवं आणि रक्कम बाजारभावाला धरून हवी.

सगळ्यांत महागात पडणारी सवय खर्चाची नाहीच. कंपनीच्या खात्यातून परस्पर घरभाडं, परस्पर गावाकडे पैसे, परस्पर भावाच्या फीचे हप्ते. खातं कंपनीचं आहे, तुमचं नाही. असे काढलेले पैसे वहीत तुम्हाला दिलेलं कर्ज म्हणून दिसतात. डायरेक्टरला कर्ज द्यायला कंपनी कायद्याची आडकाठी आहे, आणि आयकरवाले ती रक्कम लाभांश समजून तुमच्यावर कर लावू शकतात. दर महिन्याला ठराविक पगार घ्या, टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) कापून. कंपनीसाठी खिशातून केलेला खर्च बिलं लावून परत घ्या. लाभांश शेवटी, कारण सवलतीचा दर घेतला तरी आधी कंपनी २५.१७ टक्के भरते, मग उरलेल्यावर तुम्ही तुमच्या दराने.

काम बाहेर द्यायची वेळ साधारण दुसऱ्या वर्षी येते. हातात दोन प्रोजेक्ट, आणि गावाकडचा कुणीतरी रिकामा. बहुतेक जण फक्त फरक मोजतात: क्लायंट तीन लाख देतो, मी याला एक लाख वीस हजार देईन, उरलेले माझे. माझ्याबरोबर एक महिना मोजून बघा. जूनअखेर बिल ३,००,०००, वर जीएसटी ५४,०००. क्लायंट १० टक्के टीडीएस कापतो (तांत्रिक सेवा म्हणून धरलं तर दोन टक्के, यावरून वाद होतात), तर बँकेत येणार ३,२४,०००, तेही साठ दिवसांनी, ऑगस्टच्या शेवटी. तुमचा माणूस जीएसटीत नोंदलेला आहे. त्याचं बिल १,२०,००० अधिक २१,६००. त्याच्या बिलावर तुम्ही १२,००० टीडीएस कापून ७ जुलैपर्यंत भरायचा. जीएसटीचा फरक ३२,४०० महिन्याच्या रिटर्नमध्ये २० जुलैपर्यंत. क्लायंटने पैसे दिले नाहीत म्हणून जीएसटी थांबत नाही. आणि तुमच्या माणसाची उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत त्याचे १,२९,६०० द्यायचे. मुदत टळून रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही.

म्हणजे क्लायंटचा रुपया यायच्या आधी १,७४,००० बाहेर. शेवटी तुमच्याकडे राहतात दीड लाख, शिवाय कापलेले ३०,००० सरकारजमा. नफा आहेच. पण मधले दोन महिने पावणेदोन लाख कुठून आणणार? दोन महिन्यांचं असं बाहेर जाणारं भांडवल हाताशी नसेल तर मी काम बाहेर देत नाही, माणूस कितीही चांगला असो.

टीडीएस कापायला विसरलात तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो. महिना १,२०,००० च्या हिशेबाने वर्षाचे १४,४०,०००, त्यातले ४,३२,००० तुमच्या नफ्यात, वर लाखाच्या पुढे कर. जीएसटीचंही असंच: त्याने तुमचं बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर क्रेडिट तुमचं जातं. पोर्टलवरच्या २-बी पत्रकात, म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, बिल दिसेपर्यंत मी मूळ रक्कम देते, जीएसटीचा भाग राखून ठेवते, आणि हे करारातच लिहिलेलं असतं. समोरच्याचा राग आला तर येऊ द्यावा. वीस लाखांच्या आतला, जीएसटी नोंदणी नसलेला माणूस या बाबतीत सोपा.

करार म्हटलं की आपल्याकडे "आपलाच माणूस आहे, कागद कशाला" हे येतंच. पहिल्यांदा मी पण तेच केलं. गावाकडच्या एका मुलाकडून चार महिने टेस्टिंगच्या स्क्रिप्ट लिहून घेतल्या, सगळं फोनवर. काम उत्तम. पुढे क्लायंटच्या वकिलांनी विचारलं, हा कोड तुमच्या मालकीचा आहे याचा कागद दाखवा. कर्मचाऱ्याने नोकरीत लिहिलेला कोड नोकरी देणाऱ्या कंपनीच्याच मालकीचा असतो. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्याचा पहिला मालक तो माणूस, सहीनिशी लिहून देईपर्यंत. तोवर मुलाला नोकरी लागलेली, तो बंगळुरूला. सही मिळाली, पण तोपर्यंत माझं दीड महिन्याचं बिल अडकलं. बरं, मी घाईत करून घेतलेल्या कागदावर मुदत आणि प्रदेश लिहिलेला नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांपुरतं धरतात, आणि प्रदेश नसेल तर भारतापुरतं. क्लायंट होता सिंगापूरचा. कागद पुन्हा केला.

आणखी एक, हा कागद करण्याआधी तुमचा क्लायंटशी झालेला करार काढून वाचा. त्यात बहुतेक वेळा "लेखी परवानगीशिवाय काम इतरांना देऊ नये" असं कलम असतं. परवानगी ईमेलवर मागा, उत्तर जपून ठेवा. नाही म्हणाले तर तुमच्या माणसाला कंपनीत नोकरीवर घ्या, नाहीतर दुसरं प्रोजेक्ट सोडा. लपवून देऊ नका, वेगळ्या लॉगिनवरून पहिल्याच आठवड्यात कळतं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे आकडे बदललेत, म्हणून इथे एकही कलम क्रमांक दिलेला नाही. सीएला विषय सांगून विचारा. आणि फोन करणार असाल तर रविवारी दुपारी चारनंतर करा, येताना शेंगाचटणी आणलीत तर शनिवारीही चालेल.