पिंपावरचा चिकट गोंद आणि निलगिरीचं तेल

आम्ही लातूरचे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस बघितलेला माणूस पाणी सांडत नाही. म्हणून यंदा स्टीलचं मोठं पिंप घेतलं. त्यावर तळहाताएवढं स्टिकर! ओढलं तर वरचा कागद निघाला, गोंद तसाच राहिला. त्यावर धूळ बसून काळा पट्टा झाला. सासूबाईंनी राखेनं घासलं, मी साबणानं. दोन तांबे पाणी गेलं, पट्टा हलला नाही. तारेच्या घासणीनं चरे पडले असते.

सर्दीसाठी आणलेली निलगिरीच्या तेलाची बाटली कपाटात होती. हा गोंद पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटतो. जुन्या धोतराच्या चिंधीवर सात-आठ थेंब घेऊन पट्ट्यावर दाबून धरली, दहा मिनिटं. मग बोटानं चोळलं तर शेवयांसारख्या वळ्या होऊन गोंद निघू लागला. कडेचा राहिला, तिथं पुन्हा चार थेंब. शेवटी साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसलं, वास पाण्याला लागायला नको.

गॅस बंद ठेवूनच करा, हे तेल पेट घेतं. प्लॅस्टिकच्या डब्यावर आधी तळाशी थेंब टाकून बघा, काही प्लॅस्टिक पांढरट पडतं. आणि बाटली लेकरांच्या हाती लागू देऊ नका. थोडंसं पोटात गेलं तरी धोका असतो.

आता पिंपात तोंड दिसतं.