खोल समुद्रातील टर्बिडाइट साठ्यांचा अंदाज बांधताना या चुका टाळा

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि आपल्या शेतांतून वाहून गेलेला गाळ अखेर बंगालच्या उपसागरात जातो. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीकडील भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आंध्र किनाऱ्यालगतचे, समुद्राखालीही पसरलेले तेल-वायूचे कृष्णा-गोदावरी खोरे जवळचे वाटते, आणि पहिली चूकही तेथेच होते. सहलीत पाहिलेला कामठी वालुकाश्म नद्यांनी टाकलेला आहे. त्यातील तिरप्या थरांवरून खोल समुद्रातील वाळूची जाडी किंवा विस्तार ठरवू नये. टर्बिडाइट म्हणजे खोल समुद्रात साचलेले असे थर, ज्यांची वाळू गढूळ, जड प्रवाहाबरोबर समुद्रतळाच्या उतारावरून खाली येते; अशा वाळूत तेल-वायूचे साठे असू शकतात. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर असाच प्रवाह सुटला आणि तळावरील तारायंत्राच्या केबल उताराच्या क्रमाने एकामागून एक तुटत गेल्या.

भूशास्त्रज्ञ बाउमा यांनी १९६२ मध्ये मांडलेला, टर्बिडाइट थरातील तळापासून माथ्यापर्यंतच्या पाच भागांचा क्रम प्रत्येक थरात शोधत बसू नये, कारण तो पूर्ण स्वरूपात क्वचितच मिळतो. बरणीत माती ढवळून ठेवण्याचा शाळेतला प्रयोग या बाबतीत दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. त्यात कण निवांत बसतात, तर घन प्रवाहातील वाळू घाईने साचते आणि तिच्यात प्रतवारी (खाली जाड, वर बारीक कण) दिसेलच असे नाही.

सिस्मिक नकाशावर (जमिनीखालून परतलेल्या ध्वनिलहरींवरून काढलेल्या चित्रावर) चमकणारा प्रत्येक पट्टा म्हणजे वायूचा साठा, ही समजूत महागात पडते. छिद्रांतील पाण्यात थोडासा वायू मिसळला तरी ध्वनिवेग बराच घटतो, त्यामुळे व्यापारी दृष्ट्या निरुपयोगी वाळूही तितकीच चमकू शकते. शिवाय वेग सेकंदाला २५०० मीटर आणि वारंवारता ३० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी सुमारे ८३ मीटर होते. म्हणजे तिच्या पाव भागापेक्षा, साधारण २१ मीटरपेक्षा, पातळ थराचा माथा आणि तळ वेगवेगळे ओळखता येत नाहीत.

याहून घातक चूक विहिरीच्या लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांच्या नोंदीवर, होते. साठ्याच्या कडेच्या भागात वाळू आणि शेल (चिखलाचा घट्ट झालेला खडक) यांचे काही सेंटिमीटर जाडीचे थर आलटून पालटून येतात आणि नेहमीचे उपकरण त्यांची सरासरीच वाचते. वायू भरलेल्या वाळूची रोधकता (विजेला होणारा विरोध; खारे पाणी असेल तर ती कमी असते) २० ओहम-मीटर, शेलची १ ओहम-मीटर आणि दोन्ही निम्मे-निम्मे असतील, तर थरांना समांतर रोधकता जेमतेम १.९ येते आणि ही ‘पाण्याची वाळू’ समजून विहीर सोडून दिली जाऊ शकते. थरांना लंब दिशेने तीच रोधकता १०.५ भरते. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही दिशांची रोधकता मोजणारे उपकरण वापरावे आणि शक्य तेथे गाभा (खडकाचा दंडगोल नमुना) काढून डोळ्यांनी पाहावा.

राहिला प्रश्न जोडणीचा, म्हणजे दोन ठिकाणची वाळू आतून सलग आहे का याचा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी६ या उत्खनन गटातून (ब्लॉकमधून) एप्रिल २००९ मध्ये वायू निघू लागला, पण उत्पादन अपेक्षेपेक्षा लवकर घसरले. पुढे शेजारच्या गटातील साठा याच साठ्याशी जोडलेला आहे का, हा वादही उभा राहिला. दोन विहिरींतील दाब एकाच रेषेवर आले, एवढ्यावरून वाळू सलग आहे असे मानू नये. लाखो वर्षांत अगदी बारीक वाटेनेही दाब समान होऊ शकतो. उत्पादनाच्या काही वर्षांत त्याच वाटेने पुरेसा वायू येत नाही. ही जोडणी पारखायची असेल, तर एका विहिरीतून दीर्घकाळ उत्पादन घेऊन दुसरीतील दाब किती आणि केव्हा उतरतो, हे नोंदवावे लागते.