स्वल्पविराम ओळीच्या शेवटी टाकला, दिसला सुरुवातीला

मालाच्या कोडची यादी, एका ओळीत एक. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवा होता. त्यासाठी सेड (लिनक्स-मॅकच्या टर्मिनलमधली, मजकूर ओळीओळीने बदलणारी आज्ञा) पुरे: सेड 'एस/$/,/' कोड.टीएक्सटी (अक्षरं रोमन, छोटी टाइप करायची). $ म्हणजे ओळीचा शेवट. पण टर्मिनलवर स्वल्पविराम प्रत्येक कोडच्या पहिल्या अक्षरावर बसलेला!

फाइल विंडोजवर बनलेली होती. तिथे ओळ 0डी (ओळीच्या सुरुवातीला परत) आणि 0ए (नवी ओळ) या दोन न दिसणाऱ्या बाइटनी संपते. सेड फक्त 0ए ओळखतो, त्यामुळे स्वल्पविराम 0डीच्या नंतर लागतो. 0डी कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेतो आणि स्वल्पविराम पहिल्या अक्षरावर छापला जातो. खात्रीसाठी मूळ फाइलवर कॅट -ई (न दिसणारी चिन्हंही दाखवणारी आज्ञा) चालवा: ओळीच्या शेवटी ^एम$ दिसलं की हेच दुखणं.

उपाय: आधी टीआर या आज्ञेने 0डी (तिथे '\आर' लिहितात) काढा, मग सेड.

टीआर -डी '\आर' < कोड.टीएक्सटी | सेड 'एस/$/,/' > नवी.टीएक्सटी

> पुढे मूळ फाइलचं नाव अजिबात देऊ नका. आज्ञा सुरू होण्याआधीच शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती फाइल रिकामी करतो, डेटा गेलाच समजा. जागच्या जागी बदल हवाच असेल तर सेडला -आय.बॅक द्या, मध्ये जागा न सोडता. लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे चालतं आणि जुनी प्रतही राहते. नुसता -आय मॅकवर पुढचा शब्दच जुन्या प्रतीच्या नावाचं शेपूट समजतो.