ऑफिसची सेवा ऑनलाइन आणताय? आधी मेसेज आणि फॉर्म सरळ करा

"हे सगळं आता ऑनलाइन करा" असं काम तुमच्या टेबलावर आलं असेल तर पहिली मीटिंग बहुतेक ॲपवरच होते, ॲप कोण बनवणार, होमपेजवर कोणाचा फोटो, लोगो डावीकडे की उजवीकडे. ते सगळं थोडं बाजूला ठेवा आणि आधी तीन-चार दिवस वही घेऊन काउंटरच्या आतल्या बाजूला बसा, लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या सरकारी भाषेत फिरवून नाही. "माझ्या अर्जाचं काय झालं?", "हा कागद नसला तर चालेल का?", आणि एक प्रश्न नक्की येणार, "मोबाइलवर तुमचं काहीतरी आलंय, बघा ना काय म्हणतायत." हा शेवटचा माणूस जास्त महत्त्वाचा, कारण त्याचा हेलपाटा वाचावा म्हणून आपण मेसेज पाठवला आणि तो मेसेज समजला नाही म्हणूनच तो आलाय.

ब्रिटनने 2012 मध्ये वेगवेगळ्या सरकारी साइट्स आवरून एका जीओव्ही डॉट यूके वर आणायला घेतल्या तेव्हा त्या टीमचं पहिलं तत्त्व हेच होतं, सुरुवात गरजेपासून करा, आणि गरज म्हणजे लोकांची, सरकारची नाही. वाचायला सोपं वाटतं, पण वही भरल्याशिवाय ती गरज कळत नाही.

आता मेसेज. मी इथं जरा जास्त थांबणार आहे कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त माणसांपर्यंत पोचणारी गोष्ट हीच, साध्या फोनवर पण येते, इंटरनेट लागत नाही.

हे बघा, असा मेसेज सर्रास जातो: "आपल्या अर्जावर नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येत असून त्याबाबत आपणांस यथावकाश कळविण्यात येईल." यात कुठला अर्ज ते नाही, काय झालं ते नाही, मी काय करायचं ते नाही, कधीपर्यंत थांबायचं ते पण नाही. आणि वर हा दोन मेसेजच्या खर्चात जातो! एका एसएमएसमध्ये साधी इंग्रजी अक्षरं 160 मावतात पण देवनागरी आली की मर्यादा एकदम 70 वर येते, त्याच्या पुढं गेलं की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात 67 च बसतात कारण तुकडे जोडायची माहिती त्यातच घालावी लागते. वरच्या वाक्याची मोजदाद स्पेस आणि टिंब धरून 101 होते. मोजायची पद्धत पण समजून घ्या, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं, म्हणजे "स्त्री" हे दिसायला एक अक्षर पण मोजणीत स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी असे 6. आणि इंग्रजी मेसेजमध्ये एखादं जरी देवनागरी अक्षर घुसलं तरी अख्खा मेसेज 70 च्या मर्यादेत जातो.

आता हा बघा: "पत्ताबदलाचा अर्ज 4521: ओळखपत्र अस्पष्ट. 12 जूनपर्यंत परत पाठवा." मोजून 63, एका मेसेजात बसला आणि काउंटरवर यायची गरज नाही. क्रम लक्षात ठेवा, कशाबद्दल, काय झालं, तुम्ही काय करायचं, कधीपर्यंत. तारीख देता येत नसेल तर निदान आम्ही किती दिवसांत कळवू ते लिहा, "यथावकाश" हा शब्द तर टेम्प्लेटमधून कायमचा काढून टाका, त्यानं फक्त काळजी वाढते. वरिष्ठ म्हणतील भाषा फार साधी झाली, ऑफिसचा आब राहत नाही. त्यांना सांगा की अमेरिकेनं 2010 मध्ये यासाठी कायदाच केला, सरकारी खात्यांनी लोकांना समजेल असंच लिहायचं म्हणून. आणि मेसेजमध्ये लिंक टाकायचीच असेल तर छोटी केलेली लिंक नको, ऑफिसच्या साइटचा पूर्ण पत्ता द्या, कारण फसवणारे लोक अगदी सरकारी वाटतील असेच मेसेज पाठवतात. ओटीपी किंवा बँकेची माहिती मेसेजवरून किंवा फोनवरून आम्ही कधीच मागत नाही हे काउंटरवर, साइटवर, पावतीवर सगळीकडे छापा, आणि मग खरंच कधीच मागू नका.

फॉर्मकडे येऊ. जुना कागदी फॉर्म जसाच्या तसा स्क्रीनवर उतरवणं हे ऑनलाइन करणं नव्हे, तो छळ फक्त कागदावरून मोबाइलवर आला. प्रत्येक रकान्यासाठी विचारा, ही माहिती कोण वापरतं, कशासाठी, आणि नाही दिली तर काय अडतं. कोणालाच उत्तर देता आलं नाही तर तो रकाना उडवा, "पूर्वीपासून आहे" हे उत्तर धरायचं नाही. आपल्याच दुसऱ्या विभागाकडे असलेली माहिती लोकांकडून परत मागू नका, एस्टोनियानं 2001 पासून एक्स-रोड नावाची व्यवस्था चालवलीय, त्यात खात्यांचे डेटाबेस आपसात सुरक्षितपणे बोलतात, त्यामुळे नागरिकाला तीच माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागू नये हे तत्त्व त्यांना प्रत्यक्षात आणता आलं. आपल्याला तेवढं लगेच जमणार नाही पण शेजारच्या टेबलावरची फाइल तरी मागवता येईल ना.

लॉगिन शक्य तितकं उशिरा ठेवा. अमेरिकेत आरोग्य विमा घ्यायची हेल्थकेअर डॉट गव्ह ही सरकारी साइट 1 ऑक्टोबर 2013 ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं होती 6. कारणं बरीच होती, पण त्यातलं एक मोठं हे की विमा योजना नुसत्या बघायच्या तरी आधी खातं उघडायला लागायचं, मग सगळी गर्दी तिथंच तुंबली. पात्रता काय, कागद कुठले, फी किती, किती दिवस लागतात हे सगळं लॉगिनशिवाय दिसलंच पाहिजे.

बारीकसारीक पण त्रास देणाऱ्या गोष्टी: आडनाव सक्तीचं करू नका, एकच नाव असलेली माणसं असतात. जन्मतारखेला कॅलेंडर देऊन साठ-सत्तर वर्षं मागं सरकवायला लावू नका, दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन द्या. चूक दाखवताना "अवैध इनपुट" काय कामाचं, "जन्मतारीख आजच्या नंतरची पडलीय, वर्ष तपासा" असं लिहा, आणि चुकलेल्या रकान्याला फक्त लाल रंग देऊ नका, सगळ्यांना रंग सारखा दिसत नाही. वेळ संपून लॉगआउट होणार असेल तर आधी सांगा, वेब ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, जागतिक निकषांत वेळ वाढवून घ्यायला निदान 20 सेकंद द्यावेत असं आहे, पण भरलेली माहिती आपोआप सेव्ह होत असेल तर त्याहून चांगलं.

स्कॅन केलेलं परिपत्रक साइटवर टाकून माहिती दिली असं समजू नका. तो नुसता फोटो असतो, दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो वाचू शकत नाही, सर्चमध्ये येत नाही, मोबाइलवर बोटांनी मोठं करत बसावं लागतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारखाच दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करून पानावरच टाका. जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक चिन्हं दिसतात, तेव्हा आधी कन्व्हर्ट करा आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात.

सगळं तयार झालं की ऑफिसबाहेरची पाच माणसं बोलवा, त्यात एक वयस्कर, एक जण फोन जेमतेम वापरणारा, शक्य असेल तर एक स्क्रीन रीडर वापरणारा. हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर दाखवू नका, त्यांच्याच फोनवर आणि वायफाय बंद करून करायला सांगा. एकच काम द्या, "पत्ता बदलायचाय, करा." मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार अवघड जातं, हात शिवशिवतात, पण तुम्ही "खाली बघा ना, तिथं बटण आहे" म्हणालात की टेस्ट संपली. कुठं थांबले, कुठं मागं गेले, कुठला शब्द दोनदा वाचला ते फक्त लिहा, आणि दुरुस्त करून नवीन पाच माणसांना बोलवा.

सुरू करताना एकाच सेवेपासून करा आणि काउंटर बंद करू नका, ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याचाही हक्क तेवढाच आहे. साइट कधीतरी बंद पडणारच, त्यासाठी मेसेज आजच लिहून ठेवा, कधीपर्यंत चालू होईल, तोपर्यंत कुठं जायचं, आणि शेवटच्या तारखेलाच बंद पडली तर मुदत किती दिवसांनी वाढेल. मुदतवाढ कोणाच्या सहीनं होणार ते पण आधीच ठरवून घ्या, कारण त्या दिवशी रात्री अकरा वाजता साहेबांचा फोन लागेलच असं नाही.