जिम्नीला मोठे टायर, गिअर मात्र तेच: दुकानात जाण्याआधीची तयारी

टायरवाल्याकडे जाण्याआधीचा एक रविवार खंबाटकीसाठी राखून ठेवा. पुण्याहून साताऱ्याकडे घाट चढायचा, गाडीत एरवी असतात तेवढी माणसे आणि सामान घ्यायचे, एसी चालू ठेवायचा आणि शेजारी बसलेल्याच्या हातात वही द्यायची. कुठल्या वळणानंतर चौथा गिअर सोडावा लागला, तिसऱ्यात गाडी किती वेगाने चढत राहिली, दुसरा टाकायची वेळ आली का, एवढे लिहून घ्या. परतताना सपाट रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसचा वेग आणि काट्यावरचा वेग ४०, ६० आणि ८० ला ताडून पाहा. टाकी फुल ते टाकी फुल असा मायलेजचा हिशेबही याच आठवड्यात उरका. ही वही नसेल तर टायर बदलल्यावर ‘गाडी जड झाली’ काय आणि ‘काहीच फरक नाही’ काय, दोन्ही नुसत्या गप्पा.

मी बोलतोय ती २०२३ साली आपल्याकडे आलेली मारुतीची पाच दरवाज्यांची जिम्नी. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, टॉर्क १३४ न्यूटन-मीटर आणि तोही ४,००० आरपीएमला. डिझेल थारला ३०० मिळतो. थारवाल्या मित्राचा सल्ला जरूर ऐका, त्याच्या टायरचा आकडा मात्र उचलू नका.

आता कागद-पेन. मूळ माप १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिलिमीटर, तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ ही टायरच्या बाजूची उंची. ती वर एकदा, खाली एकदा, मध्ये १५ इंची रिमचे ३८१. बेरीज ६९३. याच रीतीने २१५/७५ आर १५ चा व्यास येतो ७०३.५, म्हणजे दीड टक्का जास्त. आणि सगळ्यांचा जीव ज्याच्यावर जडलेला असतो त्या २३५/७५ आर १५ चा ७३३.५, जवळजवळ ६ टक्के जास्त. क्राऊन-पिनियन, म्हणजे ॲक्सलमधले चाकांना फिरवणारे शेवटचे गिअर, तेच ठेवले तर हे ६ टक्के प्रत्येक गिअरमधून वजा होतात. जमिनीवर पोचणारा जोर पाहिला तर १३४ चा टॉर्क १२७ च्या आसपास उतरल्यासारखा वागतो. बदल्यात गाडी किती उचलली जाते? व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे २० मिलिमीटर. जमिनीपासूनची मूळ उंची २१०, तिचे २३०. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि एक रात्र जाऊ द्या.

गंमत अशी की चिखलात ही वजाबाकी फारशी कळतच नाही. लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेला लागलात आणि फोर-लो (चारही चाके जोडलेली, गिअर हळू) टाकला की ट्रान्सफर केस, म्हणजे जोर दोन्ही ॲक्सलना वाटणारी गिअरची पेटी, जोर दुप्पट करून देते, त्यात हे ६ टक्के कुठे गेले ते सापडत नाहीत. फक्त सवय बदलावी लागते. पूर्वी फोर-हायमध्ये (चारही चाके जोडलेली, पण गिअर नेहमीचे) हाफ क्लचवर निभावून नेलेला दगडी चढ आता आधीच फोर-लोमध्ये घ्यायचा, नाहीतर क्लचचा वास गाडीभर. खरा फटका बसतो तो डांबरावर, टू-व्हील ड्राइव्हमध्ये, ट्रकच्या मागून घाट चढताना. तिथे लो रेंजचा आधार घेता येत नाही. लो रेंज फोर-बाय-फोरमध्येच मिळते आणि जिम्नीच्या पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या दरम्यान, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे सेंटर डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण शाफ्ट आणि गिअरांवर येतो. म्हणून टायरचे माप ठरवताना वर्षातून चारदा होणारी राजमाची डोळ्यांसमोर आणू नका. रोज कुठला चढ चढता, ते आठवा. माझे मत विचाराल तर गिअर बदलायचे नसतील तर २१५/७५ वर थांबावे. २३५ ज्याला हवाच आहे त्याने पुढचे सगळे वाचावे.

उंचीचा हिशेब सगळे करतात, वजनाचा कोणी करत नाही. जाड प्लायचा ऑल-टेरेन टायर मूळ टायरपेक्षा किती जड आहे हे दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. रद्दीवाल्याचा काटा असतोच कोपऱ्यावर, आधी स्टेपनी तिथे तोलून आणा. मग नवा टायर त्याच रिमसकट किती भरतो ते पाहा. फिरणारे वजन प्रत्येक सिग्नलला नव्याने पळवायचे आणि प्रत्येक सिग्नलला थांबवायचे असते. मागे ड्रम ब्रेक आहेत हेही ध्यानात असू द्या. एकाच मापात हलका टायर मिळत असेल तर नक्षी थोडी कमी आक्रमक असली तरी तोच घ्यावा.

रिम मूळची साडेपाच इंची रुंद. २१५ तिच्यावर बसतो, २३५ ला किमान सहा इंची लागते. म्हणजे खर्चात रिमही धरा. नवी रिम घेताना पाच नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचे १३९.७ मिलिमीटरचे माप जुळवा आणि ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसते, तेही विचारा. चाक फार बाहेर आले तर दारांवर चिखल उडतो, बेअरिंगवर भार वाढतो आणि पुढच्या बंपरचा कोपरा घासतो. फार आत राहिले तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर सस्पेन्शनच्या आर्मला लागतो.

पाचही टायर चढवण्याआधी पुढचा एकच चढवून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. टायरच्या खांद्याला खडू फासायचा, ते चाक फुटपाथवर किंवा मोठ्या दगडावर चढवायचे आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचे. खडू जिथे उमटेल तिथे घासणार. सपाट जमिनीवर केलेली चाचणी ही चाचणी नव्हे.

स्टेपनीत मी पैसे वाचवले होते. चार नवे टायर आणि मागच्या दारावर जुनाच पाचवा. ताम्हिणीजवळ एका कच्च्या वाटेवर मागचे चाक पंक्चर झाले आणि ४० मिलिमीटर लहान स्टेपनी लावून परत निघालो. मागची दोन चाके वेगवेगळ्या मापाची म्हटल्यावर फोर-बाय-फोर टाकायचा धीर होईना. चिखलातून टू-व्हीलवर, ढकलत ढकलत डांबराला लागलो. पाच घ्या. पाचवा मागच्या दाराला लटकतो, तेव्हा त्याच्या वजनाने बिजागरी खाली येते का, दार पहिल्यासारखे लागते का, हेही बघा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे, पण एका दिवसाचे. वाहनातील बदलांबाबत मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहे. विमा कंपनीला नवे माप ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवा आणि वॉरंटीचे काय होईल ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

बसवण्याच्या दिवशी नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. नट मशीनने आवळून देतील, शेवटचा पीळ टॉर्क पान्याने द्यायला लावा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवेचा दारावरच्या स्टिकरवरचा आकडा मूळ टायरसाठी आहे. नव्याचा शोधायला पुन्हा खडूच कामाला येतो: टायरच्या नक्षीवर आडवी रेघ मारा, सरळ रस्त्यावर थोडे चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी.

मग त्याच माणसांना घेऊन पुन्हा खंबाटकी. वही उघडा. २३५ असेल तर काट्यातल्या ८० ला चाके पूर्वीपेक्षा जवळजवळ ६ टक्के जास्त वेगाने पळताहेत. काटे मुळात थोडे पुढचे दाखवतात, म्हणून जीपीएसचे जुने आकडे इथे उपयोगी पडतात. किलोमीटरही कमी मोजले जातात. गाडीने १,००० दाखवले तर खरे १,०५८ झाले. मायलेज १४ चे १३ झाल्याची ओरड करण्याआधी १३ ला १.०५८ ने गुणा, पावणेचौदा येतात. तेल बदलायची तारीखही याच हिशेबाने अलीकडे आणा.

जुने टायर इतक्यात विकू नका. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगमधल्या ढिगाकडे बोट दाखवतीलच, एक पावसाळा मागून घ्या.