सुटलेलं पोर शोधणं हेच खरं काम

किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात नवीन आलेले आधी प्रश्नावली पाठ करतात. मी यवतमाळ जिल्ह्यात हे काम करते. नव्यांना माझं पहिलं सांगणं असतं, आधी पत्ता लिहायला शिका.

आठवीत भेटलेला मुलगा दहावीनंतर अमरावतीला जातो, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात, एखादं कुटुंबच वीटभट्टीवर. मोबाईल नंबर तर बदलतच राहतात. जे पोर सापडत नाही, तेच पुष्कळदा सगळ्यात जास्त ताणाखाली असतं. त्याला सोडून उरलेल्यांची सरासरी काढली, तर गावातली पोरं आहेत त्यापेक्षा सुखी दिसतात. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेली १०३७ मुलं आहेत. वयाच्या ४५व्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के त्यात टिकून होती. म्हणूनच तिथे कळू शकलं, की २६व्या वर्षी मानसिक आजार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पंधराच्या आतच कोणता ना कोणता मानसिक आजार झालेला होता.

आपल्याकडे वडिलांच्या नंबरखाली मामाचा, शेजारच्या काकूंचा नंबर आणि घराची खूण लिहा. कोण कुठं गेलं ते आशाताईंना ठाऊक असतं. त्यांना ठावठिकाणा जरूर विचारा, पण पोराच्या मनातलं त्यांच्यापाशी काढू नका.

भेटीचा महिना दरवर्षी तोच ठेवा. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. एका वर्षी बोर्डाच्या तोंडावर विचारलं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये, तर बदल वयाचा की परीक्षेचा हे सांगता येणार नाही. मला पोळ्याच्या आसपासचे दिवस बरे वाटतात. बाहेरगावी गेलेलीही घरी येतात आणि कापूस वेचणी सुरू झालेली नसते.

वेचणीत गाठायची वेळ आलीच, तर घाई करू नका. घाटंजीकडे अकरावी सोडलेली एक मुलगी वेचायला होती, आई दोनच ओळी पलीकडे. मी विचारायला लागले, तशी ती हळूच म्हणाली, "ताई, इथं नको. अन् माह्या किलो कमी भरन." मजुरी किलोवर, तेव्हा माझा अर्धा तास म्हणजे तिचे पैसे. संध्याकाळी वजन झाल्यावर धुऱ्यावर बसलो, आई बाकीच्यांसोबत पुढे निघाली, तेव्हा ती बोलली आणि पुष्कळ बोलली. बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात धरायला सुरुवातीलाच सांगा.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आईवडिलांची संमती तर हवीच, मुलाचा स्वतःचा होकारही हवा. अठरा पूर्ण झाले की त्याची संमती नव्याने घ्यायची. काय गुप्त राहणार नाही तेही आधीच सांगा: जिवाला धोका आणि लैंगिक अत्याचार. अठराखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती देणं २०१२च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याने बंधनकारक आहे.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला 'अजिबात नाही' सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर पोराला एकटं सोडू नका, अभ्यासाच्या डॉक्टरांना तिथूनच कळवा. घरात फवारणीचं औषध कुठं ठेवतात ते विचारा आणि ते त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात ठेवायला लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. चिठ्ठीवर लिहून देऊन निघू नका, रेंज असेल तिथवर सोबत जा आणि फोन लावून द्या.