अडगावची लढाई लॅपटॉपवर नेताना

पुठ्ठ्याचे शिपाई कापून, तोफा ओढायला तान्ह्या पोळ्याचे सगळ्यात बारके लाकडी बैल जुंपून आम्ही अडगावची लढाई खेळतो. २९ नोव्हेंबर १८०३. एकीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसरीकडे नागपूरकर भोसले आणि शिंदे. मैदान आमच्याच तेल्हारा तालुक्यातलं (जिल्हा अकोला), म्हणून जीव जास्त. पण खेळणारे अर्धे आता पुण्याला कंपनीत. असा खेळ कॉम्प्युटरवर न्यावा का? माझ्या मते, गडी गावातच असेल तर अजिबात नेऊ नका, सतरंजी अंथरा. बाहेरगावी असेल तर खुशाल न्या, पण पट, सोंगट्या आणि फासे एवढंच कॉम्प्युटरला द्या. नियम आपल्याच तोंडात राहू द्या, भांडण्याची मजा तिथंच आहे.

पटावरचे खेळ कॉम्प्युटरवर मांडायला दोन प्रोग्रॅम आहेत, टेबलटॉप सिम्युलेटर आणि व्हॅसल. टेबलटॉप सिम्युलेटर दिसायला भारी, फासे खरोखर घरंगळतात. पण ते विकत घ्यावं लागतं आणि साध्या लॅपटॉपचा त्यात जीव जातो. आमच्यासाठी व्हॅसल बरं. ते फुकट आहे, जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि जुन्या मशीनवरही निभतं. शिवाय दोघांनी एकाच वेळी बसायची गरज नाही. आपली चाल लॉग फाइलमध्ये नोंदवायची, ई-मेलनं धाडायची. समोरचा ती उघडून एकेक पाऊल बघतो, फासे काय पडले तेही दिसतं. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे हीच सोय मोलाची.

पटासाठी नकाशा रंगवत बसू नका. नेहमीसारखं मैदान मांडा, स्टुलावर चढून मोबाइल सरळ खाली धरा आणि फोटो काढा. ऊन तिरपं नको, नाहीतर सावल्याच नाल्यासारख्या दिसतात. कडेला ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवायला विसरू नका. फोटोत ती किती पिक्सेलची आली ते मोजलं की सगळं माप बसतं. व्हॅसलमध्ये नजरेची रेषा, म्हणजे इथून तिथलं दिसतं का, ते बघायला दोरा ओढता येतो, एक माप म्हणजे किती पिक्सेल ते त्याला सांगून ठेवायचं. सोंगट्यांसाठी एकेक शिपाई कापू नका, अख्ख्या पलटणीचा एकच फोटो पुरे.

खरी गंमत पिकाची. त्या दिवशी उभ्या पिकामुळे वेलस्लीच्या फौजेला समोरचं नीट दिसत नव्हतं. तोफा सुरू झाल्या आणि सिपायांच्या तीन पलटणी मागं पळाल्या, त्यानं स्वतः जाऊन त्यांना सावरलं. सतरंजीवर हे जमत नाही, कारण ज्वारीमागच्या तोफा सगळ्यांनाच दिसतात. व्हॅसलमध्ये सोंगटी झाकता येते, समोरच्याला नुसती पाठ दिसते. आमचा नियम असा: झाकलेली तोफ उघडून डागली की समोरच्या पलटणीनं फासा टाकायचा, १ किंवा २ पडला तर पळ. इथं मात्र कॉम्प्युटर सतरंजीला भारी पडतो, हे मान्य.

वाद झाला तर लिहीत बसू नका, फोन लावा. “काहून बे, बैलजोडी नाल्यातून एका चालीत कशी पार झाली?” हे टाइप करून निभत नाही. दोन मिनिटांत मिटलं नाही तर फासा टाका आणि पुढं चला.

आणि दोघांकडे मॉड्यूलची, म्हणजे पट-सोंगट्या भरलेल्या व्हॅसलच्या फाइलची, आवृत्ती एकच ठेवा. तुम्ही नवी सोंगटी घातली, की लॉगच्या आधी नवं मॉड्यूल धाडा.